परीक्षा राहू द्या, पण तिला लायकी म्हणू नका

गेल्या महिन्यात आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचमधले सात-आठ जण पुण्यात एकाच्या घरी जमलो होतो, जेवणं झाली आणि नेहमीप्रमाणे विषय नोकऱ्यांवर आला. आमच्यातला एक जण, १४ वर्षं बँकांच्या पेमेंट सिस्टीमवर काम केलेला, नुकताच एका मोठ्या अमेरिकन कंपनीच्या इंटरव्ह्यूत नापास झाला होता आणि दुसरा तशाच एका कंपनीत गेली सहा वर्षं आहे. पहिला म्हणाला, हे डीएसएचे राउंड (डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम, म्हणजे घड्याळ लावून सोडवायची कोडिंगची कोडी) म्हणजे निव्वळ पोरखेळ आहे, बंदच केले पाहिजेत, माणसाचं काम बघा ना. दुसरा म्हणाला, ज्यांना जमत नाही तेच असं बोलतात, पास झालेल्याला कधी तक्रार करताना बघितलंय का? रात्री साडेबारापर्यंत तेच चाललं होतं, आवाज चढले, मधेच कुणीतरी मला म्हणालं, तू तर इंटरव्ह्यू घेतेस, तू सांग गं. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून आता लिहितेय. मी त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेय आणि मला वाटतं दोघंही एकाच चुकीच्या समजुतीवर उभं राहून भांडत होते, की तो ४५ मिनिटांचा इंटरव्ह्यू माणसाची लायकी मोजतो. एक म्हणतो नीट मोजत नाही, दुसरा म्हणतो बरोबर मोजतो, पण मोजायचं तेच आहे हे दोघांनीही धरून टाकलंय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कोडिंगची परीक्षा बंद करू नका, कारण ज्याच्या मागे ना मोठ्या कॉलेजचं नाव आहे ना ओळखीचं कुणी, त्याला या कंपन्यांच्या आत जायला तेवढा एकच दरवाजा आहे. पण त्या परीक्षेला लायकी म्हणणं मात्र बंद करा. ती कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी लावलेली चाळणी आहे, आणि चाळणीत मागे राहिलं ते सगळं कोंडाच असतं असं रोज पीठ चाळणारी कुठलीही बाई म्हणणार नाही. चाळणी ज्याची, ती कुठे फाटलीय आणि कुठे बुजलीय हे बघायची जबाबदारीही त्याचीच. हे आपण कंपन्यांकडे मागायला पाहिजे, आणि कुणीच मागत नाही कारण आपण सगळे पास-नापासच्या भांडणात अडकलोय.

आधी नापास झालेल्या मित्राची बाजू, कारण ती कमकुवत नाही. त्याचं काम मी जवळून बघितलंय, आम्ही तीन वर्षं एकाच टीममध्ये होतो. एकदा एका सेटलमेंटमध्ये, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांचा हिशोब मिटवताना, रोज रात्री थोडासा फरक यायचा, कधी १४ रुपये कधी ३१ रुपये, आणि एवढ्याशा पैशांसाठी कोण जागत बसणार म्हणून ते सहा महिने तसंच चाललं होतं. हा चार दिवस लॉग, म्हणजे सिस्टीमने केलेल्या नोंदी, वाचत बसला. शेवटी काय निघालं, तर दुकानदाराकडून घ्यायच्या फीवरचा जीएसटी एका ठिकाणी प्रत्येक व्यवहारावर वेगळा काढून पैशापर्यंत राउंड व्हायचा आणि दुसऱ्या ठिकाणी दिवसभराची फी एकत्र करून एकदाच. दोन्ही कोड आपापल्या जागी बरोबर, चूक दोघांच्या मधल्या फटीत. हे शोधायला ग्राफ थिअरी (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं गणित) लागत नाही, त्याला धीर लागतो, दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचायची सवय लागते, आणि १४ रुपयांचा फरकसुद्धा मनाला टोचावा लागतो. अशा माणसाला एक ग्राफचा प्रश्न दिला, त्याने आधी सरळसाधा मार्ग लिहिला, मग वेगवान मार्गाकडे वळला आणि वेळ संपली. चार दिवसांनी दोन ओळींचं ईमेल आलं. त्याने मला ते मोबाइलवर दाखवलं, आणि इतक्या वर्षांत त्याचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता.

आणि आत गेल्यावरचं काम तरी त्या प्रश्नासारखं असतं का? नसतं, हे मी इमानदारीत सांगते. माझा दिवस दहा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला कोड समजून घेण्यात जातो, डिझाइन डॉक्युमेंटवर आलेल्या पन्नास कॉमेंट्सना उत्तरं देण्यात जातो, ज्युनिअरांच्या कोड रिव्ह्यूत जातो, ऑन-कॉलचा आठवडा असेल तर पहाटे तीनला फोन वाजतो आणि अर्धवट झोपेत ठरवावं लागतं की आत्ताच्या आत्ता जुनं व्हर्जन परत आणायचं की कारण शोधत बसायचं, आणि रात्री साडेनऊला कॅलिफोर्नियाशी मीटिंग. यातलं काहीही त्या ४५ मिनिटांत दिसत नाही. शिवाय तयारीला वेळ लागतो आणि वेळ सगळ्यांकडे सारखा नसतो. मी तयारी केली तेव्हा माझी मुलगी दीड वर्षाची होती, तिला साडेदहाला झोपवायचं आणि साडेबारापर्यंत प्रश्न सोडवायचे, असं पाच महिने, साडेतीनशेच्या वर प्रश्न झाले असतील. सासूबाई घरात होत्या म्हणून निभावलं. माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा हुशार मैत्रीण रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडीच तास घालवून घरी येऊन स्वयंपाक करायची, तिने कधी अर्जच केला नाही. ती कुठल्याच आकड्यात येत नाही, नापासांच्याही नाही.

कंपन्यांनाही हे माहीत नाही असं नाही. गूगलने २००४ मध्ये सिलिकॉन व्हॅलीतल्या हायवे १०१ च्या कडेला मोठा बोर्ड लावला होता, त्यावर कंपनीचं नावसुद्धा नव्हतं, फक्त एक कोडं होतं, ई या गणितातल्या संख्येच्या (२.७१८...) अंकांमध्ये सलग येणारी पहिली दहा आकडी मूळ संख्या शोधा आणि तीच वेबसाइटचा पत्ता म्हणून टाका. विमानात गोल्फचे किती बॉल मावतील, गटाराची झाकणं गोल का असतात, असले प्रश्न त्या काळात मायक्रोसॉफ्ट आणि गूगलच्या इंटरव्ह्यूंची ओळख होते. मग २०१३ मध्ये गूगलचे त्यावेळचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी न्यूयॉर्क टाइम्सला दिलेल्या मुलाखतीत उघड सांगितलं की असली कोडी म्हणजे पूर्ण वेळेचा अपव्यय, त्यातून फक्त विचारणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखं वाटतं. एवढंच नाही, त्यांनी हजारो इंटरव्ह्यूंचे गुण आणि त्या माणसांचं पुढचं काम जुळवून बघितलं तर दोन्हींत काही संबंधच सापडला नाही. माझा मित्र हेच वाक्य घेऊन बसतो, आणि कुणीही बसेल.

पण बॉक अर्धेच वाचून चालणार नाही. त्याच मुलाखतीत ते पुढे म्हणतात की सगळ्यांना तेच प्रश्न, तीच मोजपट्टी, अशा ठरवून घेतलेल्या इंटरव्ह्यूला अर्थ असतो, प्रत्येकाने मनाला येईल ते विचारण्याला नाही. हे त्यांचं एकट्याचं मत नाही. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर या दोन मानसशास्त्रज्ञांनी ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून नोकरीतली कामगिरी कशावरून आधी ओळखता येते याचा हिशोब मांडला होता, त्यात प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं आणि ठरावीक साच्याचा इंटरव्ह्यू हे वर होते, आणि अनुभवाची वर्षं पार खाली. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते आकडे पुन्हा तपासले, बरेचसे फुगलेले होते असं दाखवलं, तरीही ठरावीक साच्याचा इंटरव्ह्यू सगळ्यात वर राहिला. म्हणजे 'माझी १४ वर्षं बघा' हा आमच्या मित्राचा मुद्दा भावनेला पटतो, मलाही पटतो, पण १४ वर्षं काम केलेल्यांत त्याच्यासारखेही असतात आणि एकच वर्ष १४ वेळा जगलेलेही असतात. कागदावर दोघं सारखेच दिसतात.

आता खरा प्रश्न. परीक्षा काढली तर तिच्या जागी काय येणार? रिकामी जागा रिकामी राहत नाही. रेझ्युमे बघा म्हणतात. ॲमेझॉनने २०१४ पासून रेझ्युमे वाचून उमेदवारांना तारे देणारं सॉफ्टवेअर बनवायला घेतलं होतं, दहा वर्षांत आलेले रेझ्युमे त्याला शिकवले, ते बहुतेक पुरुषांचे होते, तर त्या सॉफ्टवेअरने बायकांचे रेझ्युमे खाली ढकलायला सुरुवात केली, 'विमेन्स' हा शब्द कुठे आला, समजा बायकांच्या चेस क्लबची कॅप्टन, की गुण कमी. ॲमेझॉनने ते गुंडाळलं, २०१८ मध्ये रॉयटर्सने ती बातमी दिली. हा मशीनचा दोष नव्हता, माणसं जे वर्षानुवर्षं करत आली तेच मशीनने निष्ठेने शिकलं. बरं, मग माणसाशी नुसतं बोला, गप्पांतून कळतं म्हणतात. गप्पांतून काय कळतं? इंग्रजी कसं आहे, कुठल्या शाळेत गेला, हसतो कसा, आपल्यासारखा वाटतो की नाही. 'कल्चर फिट' या शब्दाखाली आपल्याकडे काय काय खपतं हे ज्याने पॅनेलवर दोन वर्षं काढलीत त्याला विचारा. आणि राहिला रेफरल. रेफरल म्हणजे कुणाच्या ओळखीत कोण आहे, आणि आपल्या समाजात ओळखी कुठल्या रेषांनी जातात हे मी वेगळं सांगायला नको.

मला एक इंटरव्ह्यू आठवतो, तीन-चार वर्षं झाली. लातूर जिल्ह्यातली मुलगी, सरकारी कॉलेज, रेझ्युमे पाऊण पानाचा, त्यावर ना इंटर्नशिप ना कुठल्या मोठ्या कंपनीचं नाव. नुसता रेझ्युमे चाळला असता तर पाच सेकंदांत बाजूला पडला असता, ती आमच्यापर्यंत आली ती ऑनलाइन कोडिंग राउंडमधून. व्हिडिओ कॉलवर मागे पोपटी भिंत, कॅलेंडर, आणि दहाव्या मिनिटाला लाइट गेली, तिने मोबाइलचं हॉटस्पॉट लावून परत जॉइन केलं आणि तीनदा सॉरी म्हणाली. प्रश्न साधारण असा होता की एका स्टँडवर दिवसभरात येणाऱ्या-जाणाऱ्या बसच्या वेळा दिल्यात, कमीत कमी किती फलाट लागतील. ती इंग्रजीत बोलताना अडखळत होती, मग हळूहळू स्वतःशीच मराठीत पुटपुटायला लागली, 'थांब, इथं चुकतंय, ही अजून गेलीच नाही'. मी म्हटलं मराठीत बोललीस तरी चालेल. मग तिने विचारलं, 'मॅडम, एक गाडी ज्या मिनिटाला सुटते त्याच मिनिटाला दुसरी आली तर फलाट मोकळा धरायचा का? कारण गाडी रिव्हर्स घेऊन निघेपर्यंत दुसरी आत घेता येत नाही.' त्या प्रश्नावर अडलेले मी किती बघितलेत, पण हे विचारणारं कुणी त्याआधी भेटलं नव्हतं. बाकीचे काहीतरी एक धरून चालायचे, आणि कोड त्या एका ठिकाणी चुकायचा.

नंतरच्या मीटिंगमध्ये एक सहकारी म्हणाला, कम्युनिकेशन वीक आहे. वाईट माणूस नाही तो, त्याला खरंच तसं वाटलं. तेव्हा तिला वाचवलं ते माझ्या भाषणाने नाही, आमच्याकडे आधीच लिहून ठेवलेल्या मोजपट्टीने. त्यात चार रकाने होते, प्रश्न समजून घेतला का, मार्ग निवडला तो का निवडला ते सांगितलं का, कोड चालतो का, स्वतःची चूक स्वतः पकडली का. उच्चारांचा रकाना नव्हता. पहिल्या रकान्यात तिला पूर्ण गुण द्यावेच लागले, कारण तिने काय विचारलं ते शब्दन् शब्द लिहून ठेवलेलं होतं. अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांनी १९७० आणि ८० च्या दशकांत वादकांची निवड पडद्याआडून करायला सुरुवात केली, काही ठिकाणी तर बाई की पुरुष हे पावलांच्या आवाजावरूनही कळू नये म्हणून स्टेजवर गालिचा टाकायचे, आणि नंतरच्या वर्षांत तिथे बायकांची संख्या वाढत गेली. आमचे चार रकाने म्हणजे तसाच एक पडदा. परीक्षा काढा म्हणणारे नकळत तो पडदा काढा म्हणतायत, हे मला त्या रात्री मित्राला सांगायचं होतं.

आणि हे भांडण आपल्यासाठी नवीन नाही. १८५३ च्या कायद्याआधी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकरीत जायचं तर कंपनीच्या एखाद्या डायरेक्टरची शिफारस लागायची, मग इंग्लंडमधल्या हेलिबरीच्या कॉलेजात शिक्षण आणि तिथून थेट हिंदुस्थानात साहेब. कुणाचा पुतण्या, कुणाचा भाचा, असंच चालायचं. मग मेकॉलेच्या समितीने १८५४ मध्ये अहवाल दिला आणि १८५५ पासून लंडनमध्ये खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली. ती परीक्षा न्याय्य होती का? मुळीच नाही. परीक्षा लंडनला, ग्रीक आणि लॅटिनला भरघोस गुण, बोटीचा खर्च झेपणार कुणाला, आणि पुढे तर वयाची कमाल मर्यादा १९ वर आणून ठेवली, म्हणजे इथल्या पोराने शाळेत असतानाच समुद्र ओलांडायचा. तरीसुद्धा सत्येंद्रनाथ टागोर १८६३ मध्ये त्याच परीक्षेतून आत गेले. आपल्या रायगड जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख १९१८ मध्ये त्या परीक्षेत पहिले आले, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. शिफारसपत्रांच्या जमान्यात यातलं कोण आत गेलं असतं?

पण यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, तिथे त्या लोकांनी काय मागितलं? परीक्षा रद्द करा असं नाही मागितलं. परीक्षा लंडनबरोबर हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्या आणि वयाची मर्यादा वाढवा, हे मागितलं. दादाभाई नौरोजी तर त्याच्याही आधीपासून तेच सांगत होते. आणि ते मिळायला १९२२ उजाडावं लागलं. त्यांना परीक्षेतला अन्याय आपल्यापेक्षा जास्त कळत होता, तो त्यांनी भोगला होता, पण परीक्षा गेली तर तिच्या जागी परत पुतण्या-भाचे येतील हेही त्यांना कळत होतं. म्हणून ते परीक्षेशी भांडले नाहीत, परीक्षा घेणाऱ्याशी भांडले. आमच्या मित्राच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एवढा एक फरक लक्षात घेतला तरी अर्धा वाद मिटेल.

त्याच इतिहासात दुसऱ्या बाजूसाठीही उत्तर आहे. अरविंद घोष १८९० मध्ये लेखी परीक्षा वरच्या क्रमांकाने पास झाले, पण घोडेस्वारीची चाचणी त्यांनी पुरी केली नाही, तारखा देऊनही गेले नाहीत, आणि १८९२ मध्ये त्यांना बाद केलं. घोडेस्वारी तेव्हा अगदीच निरर्थक नव्हती, कलेक्टरला जिल्हा घोड्यावरून फिरावा लागायचा. पण त्यावरून त्या माणसाची लायकी ठरली का? काही महिन्यांत बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना आपल्या नोकरीत घेतलं. एका चाळणीने टाकलेला माणूस दुसऱ्याने उचलला. डेटाची झाडं (ट्री) उलटी करायचे आणि ग्राफमधली वाट शोधायचे आपले कोडिंगचे प्रश्न त्या घोड्यासारखे आहेत, कामाशी थोडा संबंध आहे, पण तो घोडा म्हणजे अख्खा माणूस नव्हे.

'ज्यांना जमत नाही तेच ओरडतात' म्हणणाऱ्या दुसऱ्या मित्राला मी माझंच उदाहरण देते. पहिल्यांदा मी एका मोठ्या कंपनीत नापास झाले, १४ महिन्यांनी परत दिलं आणि पास झाले. त्या १४ महिन्यांत मी इंजिनिअर म्हणून फार बदलले नव्हते, त्याच टीममध्ये तेच काम करत होते, बदललं एवढंच की मला परीक्षा द्यायला यायला लागलं. मग माझी लायकी कुठल्या तारखेला तयार झाली? आणि जी परीक्षा लायकी सिद्ध करते ती माणसं काढताना कुठे जाते? मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ११ हजार लोक काढले, जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२ हजार, मायक्रोसॉफ्टने १० हजार, ॲमेझॉनने १८ हजारांचा आकडा जाहीर केला. यातले इंजिनिअर त्याच राउंडांमधून गेलेले लोक, पाच-पाच इंटरव्ह्यू, वर कमिटी, आणि कित्येकांना सकाळी ईमेल उघडत नाही म्हणून कळलं की नोकरी गेली. काढलेल्यांत कामाला वाघ असलेले लोक होते, मी त्यातल्या काहींना ओळखते, एकाच्या घराचे हप्ते नुकतेच सुरू झाले होते. लायकीवर घेतलं म्हणता तर मग लायकीवर काढलं असंही म्हणावं लागेल, आणि तसं म्हणायची हिंमत त्या कंपन्यांनीही केली नाही, त्यांनी सांगितलं आमचा वाढीचा अंदाज चुकला.

बाजारात ज्याला त्याला लायकीप्रमाणे भाव मिळतो म्हणणाऱ्यांनी अजून एक गोष्ट आठवावी. ॲपल, गूगल, इंटेल, अडोबी या कंपन्यांनी एकमेकांची माणसं फोन करून ओढायची नाहीत असं आपसांत ठरवून टाकलं होतं, अमेरिकेच्या न्याय खात्याने २०१० मध्ये ते थांबवलं, आणि नंतर इंजिनिअरांनी केलेल्या दाव्यात या चार कंपन्यांना ४१.५ कोटी डॉलर द्यायचं कबूल करावं लागलं, २०१५ मध्ये कोर्टाने त्याला मान्यता दिली. जगातली सगळ्यात हुशार माणसं म्हणून निवडलेल्यांचाच पगार वाढू नये म्हणून मालकांनी आत हातमिळवणी केली होती. आणि आपल्याकडे आपण काय करतो, तर कॅम्पसमधून कुणाला किती कोटींचं पॅकेज मिळालं याची पहिल्या पानावर बातमी, त्यातले चार वर्षांत मिळायचे शेअर आणि जॉइनिंग बोनस वेगळे न काढता, आणि त्या बातमीच्या शेजारी घरातल्या पोराचा चेहरा तपासतो. लग्नाच्या बायोडेटात कंपनीचं नाव शिक्षणाच्याही वर लिहिलेलं मी बघितलंय. एका चाळणीच्या निकालाला आपण घराण्याची इज्जत करून टाकलं. २२ वर्षांचा मुलगा नापास होऊन घरी येतो तेव्हा त्याला हे कोण सांगतं की बाबा रे, तो एका कंपनीचा एका दुपारचा निर्णय होता?

आता कंपनीच्या बाजूने बघू, कारण त्यांचंही गणित आहे आणि ते वेडगळ नाही. चुकीचा माणूस आत आला तर टीमचं वर्ष वाया जातं, त्याला काढणं त्रासाचं, त्यालाही आणि इतरांनाही. चांगला माणूस बाहेर राहिला तर कंपनीचं काहीच दिसण्यासारखं जात नाही, रांगेत पुढचे हजार उभेच आहेत. म्हणून चाळणी मुद्दाम घट्ट ठेवतात, दहा चांगले गेले तरी चालतील पण एक वाईट नको. या हिशोबात एक खोट आहे, बाहेर राहिलेल्यांचं पुढे काय झालं हे कुणी बघतच नाही. मी आठ वर्षांत दोनशेच्या आसपास इंटरव्ह्यू घेतले असतील, ज्यांना नाही म्हटलं त्यातल्या एकाचंही पुढे काय झालं मला माहीत नाही. मग माझं नाही बरोबर होतं हे मी कशावरून म्हणू? कधीतरी एखादं उदाहरण एवढं मोठं असतं की झाकत नाही. ब्रायन ॲक्टन यांना २००९ मध्ये फेसबुकने नोकरी नाकारली, ट्विटरनेही, त्यांनी व्हॉट्सॲप उभं करायला हात लावला, आणि २०१४ मध्ये तेच व्हॉट्सॲप फेसबुकने १९ अब्ज डॉलरला घ्यायचा सौदा केला. एका उदाहरणावरून नियम होत नाही, मान्य. पण चाळणीवाल्याने कोंडा कधी हातात घेऊनच बघितला नाही तर तो कोंडा आहे हे त्याला कळणार तरी कसं?

म्हणून मी म्हणते मागायचं ते कंपन्यांकडे मागा. आपला एमपीएससीवर कितीही राग असो, आणि राग यायला कारणं भरपूर आहेत, पण पूर्वपरीक्षा झाली की आयोग उत्तरतालिका जाहीर करतो, हरकती मागवतो, चूक निघाली तर उत्तर बदलतो किंवा प्रश्न रद्द करतो. खेड्यातला पोरगा पुस्तकाचं पान जोडून आयोगाला सांगू शकतो की तुमचं उत्तर चुकलंय. अब्जावधी डॉलर कमावणाऱ्या कंपनीकडून त्याच पोराला दोन ओळींचं ईमेल येतं आणि कारण विचारलं तर सांगत नाहीत, कोर्टकचेरीची भीती असते म्हणतात. निदान कुठल्या रकान्यात कमी पडला एवढं तरी सांगता येईल ना? अभ्यासक्रम काय, मोजपट्टी काय, हे आधी उघड करता येईल. ग्राफच्या एका राउंडऐवजी आधीच लिहिलेला तीन-चारशे ओळींचा कोड द्या, त्यात एक चूक ठेवा, दीड तास द्या, आमचा १४ रुपयेवाला मित्र तिथे पाचातल्या साडेचार लोकांना मागे टाकेल. मात्र घरी नेऊन शनिवार-रविवार करायची असाइनमेंट नको, ज्याच्या घरी दोन लहान मुलं आहेत त्याचा शनिवार आणि हॉस्टेलमधल्या मुलाचा शनिवार एक नसतो, आणि द्यायचीच असेल तर त्या वेळेचे पैसे द्या.

एआयमुळे हे सगळं आपोआप संपेल असं हल्ली ऐकायला मिळतं. उलटच होताना दिसतंय. इंटरव्ह्यू चालू असताना समोरच्याला न दिसता उत्तरं देणारी टूल आली, २०२५ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याचं असं टूल बरंच गाजलं, आणि त्याच वर्षी सुंदर पिचाई यांनी सांगितलं की गूगल निदान एक राउंड समोरासमोर घेणार. म्हणजे लातूरच्या त्या मुलीला आता बेंगळुरूला किंवा हैदराबादला जावं लागणार. तिकीट कोण काढणार, राहायची सोय कोण करणार, सोबत वडील येणार असतील तर त्यांचा बुडालेला दिवस कोण भरणार? लंडनची परीक्षा परत आपल्याच देशात येऊ घातलीय, आणि याबद्दल त्या रात्री आमच्यातलं कुणीही एक शब्द बोललं नाही, मीसुद्धा नाही.

मी माझ्यापुरतं एक करायला घेतलंय. आमच्या टीममध्ये पुढच्या भरतीच्या वेळी ज्यांना एका-दोन गुणांनी नाही म्हटलं जाईल त्यातल्या दहा जणांना सहा महिन्यांनी परत बोलवायचं, वेगळं पॅनेल, जुने गुण त्यांना दाखवायचे नाहीत, आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवून बघायचे, असा दीड पानाचा प्रस्ताव मी लिहिलाय. वाचून माझ्या मॅनेजरने पहिला प्रश्न विचारला, यातले सहा जण पास झाले तर आपण आधीच्या वर्षांचं काय करायचं? मी म्हटलं, आधी दहा जणांना बोलवू तरी. गुरुवारी त्यावर मीटिंग आहे. मित्राची पुढची तारीख नोव्हेंबरात आहे, दर रविवारी सकाळी अकरा ते साडेबारा आम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर ग्राफचे प्रश्न सोडवतो, आणि परवा पहिल्यांदा त्याने वेळ संपायच्या सात मिनिटं आधी कोड पूर्ण केला.